कादंबरीतली घंटा

२५ ऑगस्ट २०१३
कादंबरीच्या प्रती आल्या. आधी देवापुढे ठेवल्या. त्र्याण्णवच्या भूकंपावर चार वर्षं घासली — विसर्जनाची रात्र, तीन छप्पन्नची वेळ, आमच्या गावात कोणत्या गल्लीत कोण गेलं, सगळं पडताळून घेतलं. पदरचं एकच : धक्क्याच्या जरा आधी महादेवाच्या देवळातली घंटा आपोआप वाजते. तेवढी सूट देव देईल.

२ सप्टेंबर
देगलूरच्या एका वाचकाचं पत्र. पान ४१ वरची लातूरची बस तेव्हा नव्हतीच — ऐतिहासिक लेखनात असा निष्काळजीपणा शोभत नाही! घंटेचा प्रसंग मात्र अस्सल वाटला म्हणे.

११ सप्टेंबर
माझ्या अभ्यासिकेत बसणारा सत्यम सांगत होता, क्लासमध्ये फिजिक्सच्या सरांनी घंटा शिकवली. भूकंपाच्या हलक्या लहरी आधी पोचतात, त्यांनी ती वाजली. म्हटलं, अरे, ती मी वाजवली. तो हसला. "सर, नोट्समध्ये आलंय आता."

१९ सप्टेंबर
गावी गेलो — म्हणजे पुनर्वसनातल्या. सरपंच शेषेराव पुस्तक घेऊनच बसलेले. वीस वर्षांत कुणी घंटेचं नाव काढलं नव्हतं. आता सात जणांना ती ऐकल्याचं आठवतं.

त्या रात्री देवळात एकटे पुजारी रेवणप्पा झोपले होते. त्यांना परवा कुणीतरी विचारलं, "घंटा वाजली तवा काय करत होता? गावाला हाक मारायची न्हाई व्हय?" ज्यांची स्वतःची बायको, दोन लेकरं गेली, त्यांना! तेव्हापासून ते पूजेलाही आलेले नाहीत.

माझ्या एका ओळीपायी. त्यांच्या दारापर्यंत गेलो. कडी वाजवायचा धीर झाला नाही. शेषेरावांकडे चहा घेऊन परत.

३० सप्टेंबर
वीस वर्षं झाली. स्मृतिस्तंभापाशी माईकवरून सांगून टाकलं — घंटा वाजली नाही, मी रचली, रेवणप्पांना बोल लावू नका. शेषेराव उठले. म्हणाले, मोठे लेखक असेच विनयानं बोलतात. टाळ्या!

रेवणप्पा मागे उभे होते. टाळ्या संपायच्या आत निघून गेले.

१ ऑक्टोबर
सकाळी रेवणप्पा अभ्यासिकेत आले. पाया पडलो. म्हटलं, अप्पा, माफ करा, ती माझ्या मनातली.



"तू तवा लातुरात होतास. देवळात मी होतो. वाजली होती. वारं असंल म्हणून कूस बदलली. वीस वर्सं कुणाला बोललो न्हाई. तुला कुणी सांगितलं?"