चमच्याखालचं सोनं

डनॉली, बुधवार

ती. थेल्माताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (पाठीने परवानगी दिली तितकाच वाकलो आहे, उरलेलं तू समजून घे.) भाऊजींचा गुडघा कसा आहे? समुद्र ओलांडून तुमच्या टास्मानियात आलो की दर वेळी ते जिना चढताना मला म्हणतात, "मर्व्ह, तू हो पुढे," आणि वर पोचेपर्यंत माझा चहा गार होतो. त्यांना सांग, घाई नाही, पण चहावर बशी झाकत जा. आम्ही इथे सुखरूप आहोत. उन्हाळा उतरला, माश्या उतरल्या नाहीत. कोंबड्या अंडी घालतात, पण शेजाऱ्याच्या कुंपणात. तुझ्या भावजयीची, नोरीनची, तब्येत उत्तम आहे आणि हे पत्र पाकिटात जाण्याआधी ती वाचणार आहे, तेव्हा तिच्याविषयी जे लिहितो आहे ते तिच्या समोर बसून लिहितो आहे असंच समज.

तर ताई, बातमी अशी की तुझ्या भावाला सोनं सापडलं! पण एकदम सोन्यावर उडी मारली तर तुला मजा यायची नाही, म्हणून मागून सुरुवात करतो. लोण्याच्या कारखान्यात अडतीस वर्षं काढून मी घरी बसलो, तेव्हा पहिलं वर्ष मी नोरीनला मदत करण्यात घालवलं. तिच्या फडताळातल्या बरण्या मी वर्णक्रमाने लावल्या. प्रत्येकीवर चिठ्ठी चिकटवली. त्यानंतर तीन महिने तिला मीठ सापडलं नाही. मग मी टेबलाच्या टोकाशी बसून ती पीठ मळताना कारखान्यात हे काम कसं करत असू ते सांगायला लागलो. एके दिवशी तिने लाटणं खाली ठेवलं आणि अगदी शांतपणे म्हणाली, "मर्व्ह, बाहेर जा. कुठेही जा. पण जा." त्याच आठवड्यात मी धातू शोधायचं यंत्र आणलं. (नव्या स्वयंपाकघरासाठी साठवलेल्या पैशातून आणलं. हे कंसात लिहितो आहे, कारण आमच्या घरात हा विषय अजून कंसातच बोलला जातो.)

तेव्हापासून दोन वर्षं मी आठवड्यातून चार दिवस रानात असतो. सकाळी डबा, पाणी, टिकाव, यंत्र, कानांवर हेडफोन, आणि समोर निलगिरीचं रान. ताई, खरं सांगतो, कारखान्यात अडतीस वर्षांत मला जी झोप लागली नाही ती या दोन वर्षांत लागली. यंत्राची तबकडी जमिनीवरून डावीकडून उजवीकडे फिरवत चालायचं, कानात बारीक गुणगुण चालू असते, आणि मध्येच ती गुणगुण दचकते. त्या क्षणी जमिनीत काय आहे ते जगात कुणालाच माहीत नसतं. मग खणायचं. आणि मग माहीत होतं की सार्डिनचा डबा आहे.

दोन वर्षांत मला काय काय मिळालं त्याची यादी नोरीन पाहुण्यांना तोंडपाठ म्हणून दाखवते, पण त्या यादीत घोड्याची नाल एकच आहे, ती म्हणते तशा दोन नाहीत, एवढी दुरुस्ती मी तुझ्याकडे नोंदवून ठेवतो. बाकी खिळे, छर्रे, बुटांच्या टाचा, बियरच्या डब्यांच्या कड्या. कचरा सापडला तरी तिथे टाकायचा नाही, घरी आणायचा, आणि खड्डा बुजवूनच पुढे जायचं, हा आम्हा सोनं शोधणाऱ्यांतला कायदा. कायदा मी पाळतो, म्हणून आमच्या धुण्याच्या टबात खिळे असतात. आणि बुटांची गोष्ट नोरीनने तुला फोनवर सांगितलीच असणार, तर माझ्या बाजूनेही ऐक. सापांसाठी म्हणून मी नवे जाड बूट घेतले. पहिल्याच दिवशी पाऊल टाकीन तिथे सोनं! डोळ्यांत पाणी आलं गं माझ्या. गुडघाभर खड्डा खणला, आत उतरलो, तर सोनं माझ्याबरोबर आत उतरलं. दुसरा खणला, तिथेही तेच. तिसऱ्या खड्ड्यात बसून सँडविच खाताना माझ्या ध्यानात आलं की बुटांच्या चवड्यांत पोलादी वाट्या आहेत. तिन्ही खड्डे बुजवायला संध्याकाळ झाली.

हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं, फक्त क्लॅरीला सांगितलं. क्लॅरी म्हणजे माझा रानातला जोडीदार, तीस वर्षं सोनं शोधणारा, पिकलेल्या दाढीचा, आठवड्याला सात शब्द बोलणारा माणूस. त्यातले चार शब्द त्याने बोलिंग क्लबात या बुटांवर खर्च केले. सगळा क्लब हसला, नोरीनही हसली, आणि हसता हसता तिला स्वयंपाकघर आठवलं असावं, कारण एकाएकी हसणं थांबवून ती अकरा माणसांसमोर म्हणाली, "मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत याला तांदळाएवढं जरी सोनं मिळालं नाही, तर ते यंत्र विकायचं म्हणजे विकायचं." क्लॅरी म्हणाला, "मी घेतो." त्याचं स्वतःचं यंत्र इतकं जुनं आहे की ते सोन्यापेक्षा पाऊस जास्त ओळखतं. मी ऐटीत "ठरलं" म्हणून मोकळा झालो. नोरीन बोललेला शब्द फिरवत नाही हे तुला ठाऊक आहे. (तिने आत्ताच हे वाचून "बरोबर" असं समासात लिहिलं आहे.)

पुढचे सहा आठवडे मी वेड्यासारखा रान तुडवत होतो. काही नाही. रात्री कूस बदलत होतो. ताई, मला पैसे नको होते, सोनंसुद्धा नको होतं. मला सकाळी उठून जायला एक जागा हवी होती. पुन्हा त्या टेबलाच्या टोकाशी बसायचं नव्हतं. नोरीनला मी यातलं अक्षर सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही, नुसती माझ्या ताटात उरलेलं बघायची.

शेवटी मुदतीच्या आदल्या दिवशी, शनिवारी, नोरीन डोक्यावर टोपी घालून गाडीत येऊन बसली. म्हणाली, "मी पण येणार." दोन वर्षांत पहिल्यांदा! एवढंच नव्हे, तर जुन्या दगडी पुलाच्या अलीकडे, गंजक्या पाण्याच्या टाकीपाशी गाडी थांबव म्हणाली, कारण तिथे सावली छान आहे. सावली होती, पण सोनं असणं शक्य नव्हतं. सोनं ज्यातून सुटतं तो गारगोटीचा पट्टा पलीकडच्या टेकडीवर, उतार दुसऱ्या दिशेला, मग सोनं टाकीपाशी येईल कशाला? हे मी तिला जमिनीवर काडीने नकाशा काढून अर्धा तास समजावलं. ती हाताची घडी घालून ऐकत होती. मग म्हणाली, "झालं? आता त्या वाकड्या झाडाखाली बघ." मी अर्थातच टेकडीकडे निघालो. तिने हाक मारली, पायात गोळा आला म्हणून. धावत आलो, गोळा गेलेला. पुन्हा निघालो, तर टोपी उडाली. वारा नव्हता, तरी टोपी वाकड्या झाडाखाली जाऊन पडली. आणून दिली. मग चहा झाला असं तिने सांगितलं, आणि घडीची खुर्ची, थर्मास, फळांचा केक, सगळं उचलून त्या झाडाखाली मांडलं. मी म्हटलं, "अगं, तिथे मुंग्या आहेत, माती उकरलेली दिसते." तिने केकची सुरी माझ्या दिशेने केली आणि म्हणाली, "मर्व्हिन ट्रेम्बाथ, केक हवा असेल तर आधी ते यंत्र इथे फिरव." तिचा चेहरा लालबुंद झाला होता. मी केकसाठी यंत्र फिरवलं.

आणि यंत्र केकाटलं! खणलं तर वीतभर खोल सुपाचा चमचा. दांड्यावर शिंपल्याची नक्षी, अगदी आमच्या लग्नात तू दिलेल्या अर्ध्या डझनासारखा. (आमच्याकडे सध्या पाचच आहेत, सहावा कुठे गेला ते नोरीनला ठाऊक नाही.) मी तिला दाखवला, तर ती दुसरीकडे बघत म्हणाली, "त्या काळी सगळ्यांच्याच लग्नात हे चमचे यायचे. खड्ड्यात पुन्हा बघ." आमच्यात तसा रिवाजच आहे, एक वस्तू निघाली की बुजवण्यापूर्वी खड्ड्यावरून यंत्र पुन्हा फिरवायचं. फिरवलं. गोड, गोल आवाज. प्लॅस्टिकच्या डावात माती घेतली, अर्धी टाकली, पुन्हा अर्धी टाकली, आणि तळहातावर पिवळा गोळा राहिला. पावट्याएवढा! आकार म्हणशील तर विशेष कशाचाच नाही. नोरीनने मला मिठी मारली आणि रडायला लागली, मग मीही रडलो, आणि केकवर खरोखरच मुंग्या आल्या.

रविवारी क्लॅरी यंत्र न्यायला आला. येताना त्याने ते ठेवायला जुनी चादरसुद्धा आणली होती. मी गोळा त्याच्या हातावर ठेवला. त्याने तो भिंगाखाली धरला, उलटा केला, बराच वेळ बघितला. मग माझ्याकडे बघितलं, मग नोरीनकडे बघितलं. "छान आहे," म्हणाला, चहा न घेता चादर घेऊन परत गेला. जाताना थोडा हिरमुसला होता, पण यंत्र माझ्याकडेच राहिलं, ताई. गोळा आता दिवाणखान्यात, शोभेच्या वस्तूंवर झाकतात तशा काचेच्या घंटेखाली आहे. आल्यागेल्याला नोरीनच तो दाखवते, आणि पुलाचा उल्लेख मात्र टाळते, कारण जागा सांगायची नसते हे ती आता शिकली आहे.

भाऊजींना नमस्कार, मांजरीला माझी आठवण. सोबत डब्यात तुझ्या आवडीचा चहा पाठवतो आहे.

तुझा,
मर्व्ह

ता. क. आता गुरुवार सकाळ आहे आणि मी पोस्टाच्या खिडकीशी, साखळीला बांधलेल्या पेनाने लिहितो आहे. नोरीन बाहेर खाटकाकडे आहे. वर जे आहे ते तिने वाचलं, हे तिने वाचलेलं नाही. ताई, आईच्या ब्रोचचं सोन्याचं बदक मी ओळखलं. ऑस्ट्रेलियातल्या कोणत्याही जमिनीत सोन्याला सोनाराची जोडकामाची डाक लावलेली सापडत नाही, आणि त्या गोळ्याच्या पाठीवर ब्रोचच्या टाचणीच्या डाकेचा टिपका अजून आहे. मान तुटलेल्या बदकाचा तो आकार मी विसरेन होय? चर्चमध्ये आईच्या मांडीवर बसून दर रविवारी मी तेच बदक चावत असे. आईने ते तुला तुझ्या लग्नात दिलं होतं, आणि तू ते नोरीनच्या एका फोनवर टाचणी उपटून पाठवून दिलंस. तुम्ही दोघी लबाड आहात. क्लॅरीनेही डाक बघितली होती. एक शब्द बोलला असता तर यंत्र त्याचं होतं. पुढच्या मोसमात माझं यंत्र एक दिवस माझ्याकडे आणि एक दिवस त्याच्याकडे असं मी ठरवलं आहे.

ता. क. २. चहाचा डबा उघडताना जपून. तळाशी कापसात एक खडा आहे. तो दगड नाही. शनिवारी बदक निघाल्यावरही खड्ड्याच्या तळातून यंत्र बारीक आवाजात कण्हत होतं, पण बायको गळ्यात पडून रडत असताना कोण खणतो? खड्डा बुजवला. मंगळवारी एकटा गेलो आणि कोपरभर खोल खणलं. लाल मातीत, गारगोटीला चिकटलेलं, वाटाण्याएवढं, पण माझं. दोन वर्षांतलं पहिलं आणि खरं! (जिथे ते असणं शक्य नाही असं मी अर्धा तास सिद्ध केलं होतं, तिथेच.) हे मी नोरीनला दाखवू शकत नाही. बदकाशेजारी ठेवलं की कुणीही सांगेल यातलं जमिनीतलं कोणतं, आणि मग तिला कळेल की मला कळलं आहे. माझं सोनं जमिनीनेच ठेवलं होतं, त्यात कुणाला कष्ट पडले नाहीत. नोरीनने मात्र दुखऱ्या गुडघ्यांवर बसून सुपाच्या चमच्याने खड्डा खणला, तोही मी अकरा माणसांसमोर तोंडघशी पडू नये म्हणून. काचेच्या घंटेखाली तिचंच शोभतं. तेव्हा बदकाच्या बदली हे तू ठेव. टाचणी तुझ्याकडे उरली असेल, तिच्यावर बसवून घे. फक्त नाताळात आम्ही येऊ तेव्हा घालू नकोस.

ता. क. ३. खरं काम राहिलंच. उत्तर लिहिशील ते नोरीन आधी वाचणार, म्हणून सोनं सापडल्याचं तुला भयंकर आश्चर्य वाटलं असं लिही. पण फार लांबवू नकोस. शाळेच्या नाटकात मेंढपाळ झाली होतीस तेव्हाही तू जास्तच बोलली होतीस.

ता. क. ४. तो रानात सापडलेला चमचा मी शेडमध्ये नालेशेजारी ठेवला होता. काल जेवताना नोरीनने माझ्या सुपाच्या वाडग्यात तो घालून दिला. खणताना दांडा थोडा वाकला आहे. मी चमच्याकडे बघितलं, ती माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "सूप झकास झालंय." ती म्हणाली, "मग अजून घे." मी आणखी दोनदा घेतलं.