पंधरा मीटर केबल, आखूड केलेली

ताईस साष्टांग नमस्कार.

इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. तुझा गुडघा कसा आहे ते कळव. भावोजींच्या खोकल्याचंही कळव. (त्यांना विचारू नकोस, ते खोकून दाखवतात.)

दुकानात तयार कपडे ठेवायचे की नाही यावरून आम्ही दोघे शिंपी भाऊ दोन वर्षं बोलत नाही, हे तू जाणतेसच. तुझ्या लेकीने आम्हाला एकेक गेमचं यंत्र दिलं आणि म्हणाली, "मामा, बोलायचं नसेल तर निदान खेळा." तेव्हापासून दर रविवारी चार वाजता धाकटा त्याच्या घरून आणि मी माझ्या घरून फुटबॉल खेळतो. बोलायचे हेडफोन आम्ही दोघंही लावत नाही. खोटं कशाला सांगू, आठवडाभर मी त्या चार वाजण्याची वाट बघतो.

मागे तीन रविवार ऐन खेळात नेट गेलं. वायफायचा डबा पुढच्या खोलीत, यंत्र मागच्या, मध्ये ताग्यांनी भरलेलं लोखंडी कपाट. तिन्ही वेळा मी हरत होतो, म्हणजे मी रडीचा डाव खेळून पळालो असंच त्याला वाटलं असणार. वायर लावणं भाग होतं.

आधी घरातली टेलिफोनची वायर लावून पाहिली. टोक तसंच दिसतं, पण बारीक असतं. ढगळ बसलं आणि गळून पडलं. मग टेपने भिंतीच्या कडेकडेने माप घेतलं. चार बोटं माया धरून बारा मीटर भरलं. केबलच्या दुकानातल्या बाईंनी पाच, सहा आणि आठ नंबरच्या केबली समोर ठेवल्या. मी तिन्ही बोटांत धरून चोळून पाहिल्या (सवय). आठ नंबरचा पोत चांगला जाड होता. बाई म्हणाल्या, "काका, घरच्या खेळाला सहा नंबर भरपूर झाली. आठ नंबरने गोल जास्त होत नाहीत." पण लांबी दहा किंवा पंधराच. इथेही तयार मापं. मुकाट्याने पंधरा मीटर घेतली.

तीन मीटर जास्तीची केबल जमिनीवर लोळताना मला बघवेना. अडतीस वर्षांत माझ्या हातून ढगळ काम बाहेर गेलेलं नाही. मधूनच तीन मीटर कापून काढली. आत आठ रंगीत तारा निघाल्या. रंगाला रंग लावून पिळल्या, वर पट्टी गुंडाळली. रफू इतकं साफ की जोड कुठे आहे ते बायकोला दाखवावं लागलं. यंत्राने मात्र ओळख दिली नाही. दुकानातल्या बाईंनी तो जोड बराच वेळ पाहिला. म्हणाल्या, "काम सुंदर आहे, पण ही आता केबल राहिली नाही. उरेल ती गुंडाळून ठेवायची असते, काका."

दुसरी आणली, न कापता लावली. उरलेलं वेटोळं कपाटामागे आहे, मी तिकडे बघत नाही. परवाच्या रविवारी चारला बसलो. नेट एकदाही हललं नाही. धाकटा आलाच नाही. साडेपाचपर्यंत बसलो होतो.

बाकी क्षेम. भावोजींना नमस्कार.

तुझा भाऊ (थोरला)

ता. क. वायर लावली आहे, आता नेट जात नाही, एवढं त्याच्या कानावर घाल. मी सांगितलं म्हणू नकोस.

आणखी एक ता. क. नेट दोनदाच गेलं होतं. तिसऱ्या रविवारी मी पाच गोलांनी मागे होतो आणि बटण मीच बंद केलं. दोन्हींपैकी एकच सांगणार असशील तर हे सांग, आणि मीच सांगायला लावलं म्हण.