पित्ताचे खडे

आईस,

ऑपरेशनला सहा आठवडे झाले. छातीवरचं ओझं उतरलं, मानेची कळ गेली, खांद्यांवर ब्रेसियरच्या पट्ट्यांनी पाडलेले वळही भरत आलेत. बाराव्या वर्षापासून तू मला पोक काढून चालायला लावलंस. आता मी ताठ चालते. आणि तू मात्र नातेवाइकांना सांगत सुटलीस, "पित्ताचे खडे काढले." लाज तुझी आणि आजार माझ्या नावावर!

काल मावशी बघायला आली. मी तिला खरं ते सांगितलं, छाती लहान करून घेतली म्हणून. ती दार लोटून हळूच म्हणाली, "मलाही त्या डॉक्टरांचा नंबर दे. ताईला कळू देऊ नकोस."

मी दिला. माझे एका बाजूचे टाके उसवले होते, तेही तुला कळवलं नव्हतं. हे पत्रही टाकणार नाही.

नाइलाजानं तुझीच,
थोरली