फ्रीजरमधील साचलेला बर्फ

सोमवार, ता. ४
मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, वय वर्षे चोपन्न, एका गोदामाचा व्यवस्थापक. बदलीनिमित्त आज या घराच्या तळमजल्यावर राहावयास आलो. खोल्या हवेशीर, नळास भरपूर पाणी. मन प्रसन्न झाले. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर पत्नी शनिवारी येईल. डॉक्टरांनी तिला आठ दिवस बोलण्यास मनाई केली असून चघळण्यास बर्फ सांगितला आहे. जे सांगायचे ते ती याच वहीत लिहील, असे ठरले आहे. म्हणून प्रथम घराबरोबर मिळालेला मालकीणबाईंचा जुना फ्रिज पाहिला. फ्रीजरमध्ये वीतभर बर्फ साचून दारही लागत नाही. एक तुकडा तोंडात टाकला. चव किंचित तुपकट. साफसफाई करणे आले.

मंगळवार, ता. ५
मालकीणबाई वरच्या मजल्यावर एकट्या राहतात. सकाळी येऊन म्हणाल्या, "भाऊ, त्या बर्फाला हात लावू नका. आमच्या ह्यांना उकाडा सोसत नाही." त्यांचे यजमान सात वर्षांपूर्वी वारले, असे दूधवाला म्हणाला होता. वयोमान, दुसरे काय! मी मान डोलावली व त्या वर जाताच बटण बंद केले.
सुरीने खरवडू नये, आतली नळी फुटते. दार सताड उघडावे, आत कढत पाण्याचे पातेले ठेवावे, खाली जुना टॉवेल अंथरावा आणि सुटलेले थर लाकडी उलथन्याने अलगद ढकलावेत. सर्व यथासांग केले. दोन तासांत पाऊण बादली बर्फ निघाला. तो न्हाणीघराबाहेर ठेवला.

बुधवार, ता. ६
टॉवेल पिळताना हातास ओशटपणा लागला. तीनदा साबण लावूनही जात नाही. आतल्या थरात पांढरे केस निघाले, मुळांसकट. पातेल्यातील पाण्यावर साय धरली होती. उलथन्याने उचलून पाहिली, तर तीवर बोटाच्या ठशासारख्या रेषा.
भडाभडा ओकलो. सोमवारी मी हाच बर्फ चघळला होता.

गुरुवार, ता. ७
बादली नाही. मालकीणबाईंनी वर नेली. जाब विचारला, तेव्हा शांतपणे म्हणाल्या की ह्यांना असे उघड्यावर कसे ठेवायचे. मग माझ्या गळ्याकडे पाहत, "थोडे तुमच्यात गेलेत, भाऊ. सांभाळा."
बटण बंदच आहे. तरी फ्रीजरमध्ये पुन्हा बोटभर बर्फ. हात लावला— कोमट.

शुक्रवार
घसा खवखवतो. आरशासमोर चिमट्याने एक केस धरला. पांढरा. ओढत गेलो, हातभर आला— टोक नाहीच. आवाज गेला. पत्नीस येऊ नको असा निरोप धाडला. तिचा फोन बंद. गाडी सुटली असेल.

शनिवार
ती आली. माझ्याआधी मालकीणबाई दारात— हातात वाटी— ओरडलो, नुसती घरघर—
वाच. तो बर्फ तोंडात घालू नकोस. थुंकून टाक. तो बर्फ नाही, तो

अहो, आता दाखवताय? दोन तुकडे चघळून झाले. घशाला फार बरं वाटलं, जरा तुपकट होता इतकंच. घरमालकीण मायाळू वाटल्या, कधीपासून माझ्या गळ्यावरून हात फिरवतायत. तुम्ही असे रडताय का? आणि जिभेखाली हा केस कसला, ओढतेय तर