राखून ठेवलेल्या नफ्याबद्दल

१२ मार्च

तीर्थरूप काका,

नमस्कार. तुमचं पत्र आणि बँकेचा वार्षिक अहवाल, दोन्ही मिळालं. अहवालावर तुम्ही लाल पेनाने केलेल्या खुणा बघून मला माझी शाळेतली गणिताची वही आठवली. इकडे सगळं ठीक आहे. ऑफिसात मार्चची धावपळ चालू आहे. आमच्या विमा कंपनीचे पैसे कुठल्या बँकांच्या शेअरमध्ये ठेवायचे याची छाननी याच महिन्यात असते, त्यामुळे मान वर करायला फुरसत नाही. जिन्यातला दिवा गेलाय तो गेलाच आहे. माझं जेवणखाण मात्र हल्ली वेळेवर होतं.

बँकेने काढलेले नवे शेअर घ्यावेत का, असं तुम्ही विचारलंय. आणि मी फोनवर हा विषय टाळतेय का, असंही. टाळत होते. फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून लिहिते.

तुमचं म्हणणं असं की बँकेने गेली दहा वर्षं लाभांश बेताचा दिला आणि बाकीचा नफा राखून ठेवला. तो साठून साठून डोंगर झालाय. हिशेबाने एका शेअरमागे बँकेची मालमत्ता शंभराची, बाजारात तो शेअर पंचावन्नला मिळतोय, आणि हे नवे शेअर जुन्या भागधारकांना तर पन्नासलाच. "शंभराची नोट पन्नासला विकायला काढली आहे आणि लोक झोपलेत." हे वाक्य तुम्ही दोनदा अधोरेखित केलंय.

काका, तो डोंगर कुठे आहे तेच मी शोधत होते. राखून ठेवलेला नफा म्हणजे तिजोरीत बाजूला काढलेली रोकड नव्हे, हे मी तुम्हाला काय सांगावं! तुम्ही शाखा चालवलीत. तो पैसा पुन्हा कर्जाच्या रूपाने बाहेर जातो. म्हणजे कर्जं जेवढी खरी, तेवढाच तो नफा खरा. कारखान्याने नफा राखला तर निदान नवं यंत्र दिसतं, त्याला हात लावता येतो. बँकेकडे असतो तो लोकांनी "परत देईन" म्हणून दिलेला शब्द.

म्हणून आधी बघितलं की राखलेल्या पैशाने कमावलं काय. दहा वर्षांत शेअरमागे साठ राखले. वर्षाचा नफा शेअरमागे किती वाढला? दोन. साठावर दोन! आपल्याच बँकेच्या खिडकीत मुदत ठेवीला टाकले असते तरी वर्षाला याच्या जवळजवळ दुप्पट व्याज मिळालं असतं. भागधारकांना वाटून टाकले असते तर त्यांनी तेच केलं असतं.

मग वाटलं, हा नफा तरी हातात पडला होता का? अहवालाच्या मागे बारीक अक्षरातल्या टिपा आहेत, तिथे तुमचं लाल पेन पोचलेलं नाही. येणे व्याज दर वर्षी फुगत चाललंय. म्हणजे व्याज नफ्यात धरलं, पण कर्जदाराने ते अजून दिलंच नाही. मोठ्या कर्जांच्या मुदती पुन्हा पुन्हा वाढवल्यात. आणि बुडणाऱ्या कर्जांसाठी जी तरतूद बाजूला काढायची, ती जागची हललेली नाही. ती केली असती तर नफा दिसला नसता, आणि नफा दिसला नसता तर राखायला काय उरलं असतं?

माझी झोप उडवली ती मात्र याहून साध्या गोष्टीने. एवढं राखून ठेवलंय, तर बँक पुन्हा भागधारकांच्या दारात भांडवल मागायला का आली? वाढत्या बँका मागतात, कबूल. पण हिची कर्जं तर तीन वर्षं वाढलेलीच नाहीत. ज्याच्या कोठारात धान्य मावत नाही तो शेजारी वाटीभर पीठ मागायला जात नाही.

बाजार झोपलेला नाही, काका. ती नोट शंभराची आहे का, असं तो विचारतोय. मी चुकतही असेन. जे छापलंय तेवढंच वाचलंय, आतलं मला काही ठाऊक नाही. पण मला विचाराल तर घेऊ नका. आणि काकूच्या पैशाने तर नकोच नको.

पत्र इथेच संपवणार होते. दोनदा सही करायला पेन टेकवलं.

तुम्ही लिहिलंय, "काकू बहिणीकडे गेली आहे. माहेरच्या घराच्या वाटणीचे तिचे पैसे आलेत, ती परतली की फॉर्मवर सही घेतो." काका, ती बहिणीकडे नाही. गेल्या मंगळवारपासून माझ्याकडे आहे. आत्ता पलीकडच्या खोलीत माझ्या उशांचे अभ्रे उसवून पुन्हा शिवतेय, कारण दुकानातली शिवण तिला पटली नाही. तुम्हाला सांगू नको म्हणाली होती. पण तिच्याबद्दल एक ओळही न लिहिता तुम्हाला अख्खं पत्र लिहिणं मला जमत नाही.

भांडण झालं नाही म्हणते. तुम्ही फॉर्म पुढे केलात. ती म्हणाली, "विचार करते." तुम्ही म्हणालात, "त्यात विचार करण्यासारखं तुझ्याकडे आहे काय?" तिने भाजी होऊ दिली, गॅस बंद केला, वर झाकण ठेवलं आणि पिशवी भरली. हे सांगताना ती रडेल असं मला वाटलं होतं. रडली नाही. एवढंच म्हणाली, "उभ्या जन्मात पहिल्यांदा माझ्या नावावर काही आलं गं. ते चार दिवस तरी माझं असावं, असं वाटलं."

कधी येणार ते मी विचारलेलं नाही. तुम्ही विचारावं, असं मला वाटतं. मला नाही, तिला.

तुमची,
भिंगरी


१९ मार्च

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. आकडे तपासले. चूक नाही. शिकवलेलं वाया गेलं नाही म्हणायचं.

पण बँक आकड्यांवर चालत नाही, माणसांवर चालते. ज्या पगारावर तुझं शिक्षण झालं, त्या बँकेच्या येणे व्याजावर बोट ठेवताना तुझा हात थोडा तरी कापला असेल अशी आशा करतो. अध्यक्षांना ते माझ्या शेजारच्या टेबलावर बसत होते तेव्हापासून ओळखतो. त्यांनी भर सभेत सांगितलं, पाया भक्कम आहे. तो माणूस खोटं बोलणार नाही.

माझ्या वाट्याचे शेअर मी घेतले. निवृत्तीचे होते नव्हते ते सगळे पैसे घातले. काकूच्या पैशाला बोट लावलेलं नाही, तसं तिला सांग. संध्याकाळी माझ्याबरोबर पत्ते खेळतात त्या तिघांनीही घेतले. त्यातला कंपाउंडर एवढा चिंगूस, तोसुद्धा माझ्या शब्दावर घ्यायला तयार झाला, यातच काय ते समज.

तिला मी घालवलेलं नाही. ती गेली. ते वाक्य मी तसंच म्हणालो का, आठवत नाही. म्हणालो असेन. घरात माणूस तोलून मापून बोलत नाही. ऑफिसात आयुष्यभर तेच केलं.

कुकरची शिट्टी ती कुठे ठेवते, विचारून कळव. घाई नाही.

काका


२ नोव्हेंबर

काका,

रविवारी तुमच्या दाराबाहेर उभं राहून नमस्कार केला, तो तुम्ही घेतला नाहीत. म्हणून आज कागदावर करते. फोन तुम्ही उचलत नाही. हे पत्र दाराखालून आत सरकवायला कंपाउंडरकाकांना सांगितलंय, म्हणजे पेटीत पडून राहायचं नाही.

जे झालं ते तुम्हाला माझ्याआधी कळलं असणार. नवे अध्यक्ष आले, त्यांनी जुनी कर्जं उघडून बघितली, आणि बुडीत म्हणून एवढी मोठी रक्कम बाजूला काढावी लागली की दहा वर्षांचा राखलेला नफा एका तिमाहीत गेला. पन्नासला घेतलेला शेअर अकरावर आला. ठेवीदारांना धक्का नाही, हे त्यातल्या त्यात बरं. तुमच्या शेजारच्या टेबलावरचे ते अध्यक्ष आता कुणाचाच फोन घेत नाहीत म्हणे.

एक गोष्ट लिहायची नव्हती, पण लिहिते. निकाल वाचला तेव्हा क्षणभर मला बरं वाटलं. माझं म्हणणं खरं ठरलं म्हणून. ऑफिसात साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली, आणि मी हसले. मग जागेवर येऊन बसले आणि तुम्ही आत्ता खुर्चीत कसे बसला असाल ते डोळ्यांसमोर आलं.

रविवारी आम्ही दोघी आलो होतो. आत रेडिओ चालू होता. बेल वाजवली तेव्हा तो बंद झाला. काकू दाराला तोंड लावून म्हणाली, "जेवलात का?" मी पुन्हा बेल वाजवायला हात उचलला, तर तिने माझं मनगट धरलं. "राहू दे. लाजलेत ते. लाजलेल्या माणसाला हाका मारू नयेत."

जिन्यात कंपाउंडरकाका भेटले. मी खाली मान घातली, कारण त्यांचेही पैसे गेलेत. ते म्हणाले, "मी चारदा येऊन गेलो. पहिल्यांदा शिव्या द्यायलाच आलो होतो. बायकोने पाठही करून दिल्या होत्या. दार उघडेना, तेव्हा घाबरलो. म्हटलं, जिवाचं बरंवाईट करून घेतलं की काय! मग आत खोकला ऐकू आला आणि जीव भांड्यात पडला." वर म्हणाले, "त्याला सांग, मी घेतले ते माझ्या हावेपायी. तो काही माझा हात धरून सही करायला बसला नव्हता." तुम्हाला हे सांगायचं मी कबूल केलंय.

परत येताना बसमध्ये काकूने दोघींची तिकिटं काढली. मग एकदम म्हणाली, "मी जागा बघितलीय." मला काही पत्ताच नव्हता, काका! मी ऑफिसात गेले की ती बाहेर पडायची, ती भाजीला नव्हे. दोन खोल्या आहेत, तळमजल्यावर. मागे कपडे वाळत घालायला थोडी मोकळी जागा. तिच्या पैशात बसते, थोडे उरतातही. घर तिच्या एकटीच्या नावावर होणार.

मी विचारलं, "आणि काका?"

"त्यांना राहतं घर सोडावं लागेल. निवृत्तीचे पैसे गेले, आता भाडं कुठून भरतील? दुसरी किल्ली करून घेणार आहे मी."

"तुला राग नाही आला त्यांचा?"

"आलाय की. अजून आहे. राग आहे म्हणून माणसाला रस्त्यावर ठेवायचं का?" मग पदराने डोळे पुसले. इतक्या महिन्यांत मी तिला पहिल्यांदाच रडताना बघितलं. "पण 'तुला काय कळतं' असं पुन्हा म्हणाले, तर किल्ली परत घेईन. हे तू त्यांना लिही. माझ्याच्याने तोंडावर सांगवणार नाही."

म्हणून लिहिलं.

गुरुवारी सकाळी ती एकटीच येणार आहे. जागा पक्की करण्याआधी तुम्हाला दाखवायची म्हणते. परवानगीसाठी नव्हे, नुसती दाखवायला. मला बरोबर येऊ नको म्हणून बजावलंय. दार एकदाच वाजवीन, उघडलं नाही तर सरळ निघून येईन, असं म्हणते. मी तिला ओळखते. ती दोनदा वाजवेल. तिसऱ्यांदा मात्र नाही.

काका, उठून दार उघडा.

तुमचीच,
भिंगरी