वानेऱ्याची शिकवणी

मुक्काम किनवटजवळचा कोलाम आदिवासींचा पोड, म्हणजे वस्ती (पत्ता नीट लिहिला तर पोस्टमन वाट चुकतो)

ती. स्व. मल्लिकार्जुनमामांना दामिनीचा शरणु शरणार्थी.

देवणीत सगळे खुशाल असतील. मामींचे गुडघे काय म्हणतात? मी बरी आहे. तुमचा वानेराही बरा आहे (आधीच सांगते, कारण पत्रात तुम्ही पहिलं नाव त्या बैलाचंच शोधणार).

माझी पीएच.डी. म्हणजे नेमकं काय, हे तुम्हाला अजून कळलेलं नाही. इथल्या पोरांनाही कळत नव्हतं. कोलामी भाषा आणि त्या भाषेतलं रानाचं ज्ञान पुढच्या पिढीत टिकावं, एवढाच विषय. त्यासाठी मी विद्यापीठातून चित्रांचे तक्ते आणले, गाणी बसवली. पोरं तक्ते बघून मराठीत हसायची. मी ज्यांच्याकडे राहते त्या गुणाबाई कोलामीत बोलायच्या आणि त्यांची नात पुनम मराठीत उत्तर द्यायची. "साळंत हसतेत मला," म्हणायची. एकदा म्हातारी मला म्हणाली, "मी मेल्यावर ह्या रानासंगं कोण बोलंल गं?"

मग ऐन हंगामात त्यांचा एक बैल दगावला आणि मी पेरणीपुरता वानेरा तुमच्याकडून मागून आणला. टेम्पोतून उतरल्यापासून त्यानं असहकार पुकारला (अंगानं पांढरा, तोंडाला काळा आणि स्वभावानं थेट मामावर गेलेला). जन्मभर तुम्ही त्याच्याशी फक्त कन्नड बोललात, हे मी इथं सांगायचं विसरले. मी मराठीत लाडीगोडी लावली, तो रवंथ करत राहिला. त्याचा जोडीदार पक्का कोलामी. एक इकडं, एक तिकडं, मधे तिफण नाचतेय! गुणाबाईंच्या दावणीला मराठीत हाक मारायची रीत नाही, म्हणून त्यांनी हुकूम सोडला की पोरांनी नव्या बैलाला आपली बोली शिकवावी, त्याशिवाय पेरणी होणार नाही.

मामा, माणसांशी कोलामी बोलायला लाजणारी पोरं बैलाशी घडाघडा बोलू लागली! बैल हसत नाही ना. त्याला रानात चारायला न्यायचं तर कुठलं गवत मानवतं, कुठल्या पाल्यानं पोट फुगतं, हे आजीला विचारणं आलं, आणि आजी सांगणार ते कोलामीतच. पुनम तर इतकी तयार झालीय की वानेरा चुकला की आजीच्या ठेवणीतल्या शिव्या घालते. माझ्या मार्गदर्शक बाईंनी कळवलंय की बैलाला भाषा बोलणाऱ्यांत धरता येणार नाही. माझा वाद चालू आहे.

आपली भाची,
दामिनी

ता. क. पेरणी केव्हाच आटोपली. तरी वानेरा इतक्यात परत मागू नका. तुमच्या हाकेला तो आता कान टवकारेल की नाही, शंकाच आहे.

आणखी एक ता. क. खरं काम राहिलंच. पुनम म्हणते, "त्याला घरची याद येत असंल. त्याच्या बोलीत बी कुनी बोलाया पायजे त्याच्यासंगं." तेव्हा तुमच्या कन्नड हाका फोनमध्ये भरून पाठवा. जरा जास्तच पाठवा. माझी आजी गेल्यापासून आपल्या घरात ती भाषा तुम्ही फक्त गोठ्यात बोलता. आम्हा पोरांना कधी शिकवलीच नाहीत. मलाही शिकायचीय.