उतरत्या छतातली खिडकी

७ मे
परत! सीलिंग परत छत फाडून बाहेर! छत उतरतं, सीलिंग मात्र सपाट — दोन्ही कडांनी घराबाहेर डोकावतंय. माळ्याचं सीलिंग छताबरोबर उतरायला हवं, हे घरांचे आराखडे काढायच्या या सॉफ्टवेअरच्या डोक्यातच शिरत नाही. त्याच्या मते खोली म्हणजे डबा. बनवणाऱ्यांनी जन्मात कौलारू घर पाहिलेलं नसणार.

अर्धा दिवस गेला. चहा गार.

८ मे
सुकुमारअण्णांचा फोन. हळदीचे व्यापारी, हा माळा त्यांच्याच घराचा. नदीकडेचं जुनं घर पाडून त्याच जागी नवं बांधणार. जैन मंडळी, दिवस मावळायच्या आत जेवण उरकतात — पुढचा सगळा वेळ मला फोन करायला मोकळा! "म्याडम, माळ्याच्या छतात एक खिडकी घ्या. आई म्हणती."

आई म्हणजे त्रिशलाकाकू. दोन हजार एकोणीसच्या पुरानंतर साताऱ्याला लेकीकडे गेल्या त्या परत आल्याच नाहीत. हे घर त्यांना परत आणण्यासाठी. "आईला पसंत पडलं तरच पाया खणायचा. न्हाईतर जागा पडू द्या तशीच." म्हणजे सगळं एका म्हातारीच्या होकारावर. आणि त्या साताऱ्यात बसून, अण्णांच्या तोंडून, मला सूचना देणार. छान!

११ मे
खिडकी केली. "आई म्हणती, मोठी करा." मोठी केली. छताला भोक पडलं, सीलिंगला नाही! बाहेरून झकास काच, आतून कोरं प्लास्टर. डोकं आपटावंसं वाटलं.

१२ मे
"आई म्हणती, खिडकी खाली घ्या."

खाली म्हणजे कुठे? कडेच्या बुटक्या भिंतीला लागून, जिथे वाकल्याशिवाय उभंही राहता येत नाही! कशाला, विचारा ना त्यांना. "इचारलं की. म्हणली, तू तेवढं कर." आभाळ बघायची एवढी हौस असेल तर सरळ स्लॅब टाका, गच्ची घ्या, म्हटलं. तर म्हणे, "न्हाई न्हाई, पहिल्यासारखं कौलारूच पायजे. आईला परकं वाटाय नको."

खिडकी खाली सरकवली. सगळं सीलिंग उडालं. आज मी कुणाशी नीट बोललेले नाही.

१५ मे
जमलं! सीलिंगच्या बटणाला हातच लावायचा नाही. छताच्या खाली दुसरं पातळ छत टाकायचं — तेच सीलिंग! वरच्याबरोबर उतरतं, खिडकीचं भोकही धरतं. शेजारच्या टेबलावरच्या रूपालीला दाखवलं. "मग आधीच का नाही केलंस असं?"

हिला दाखवायला गेले हीच चूक.

१६ मे
आता ग्रील. खिडकी म्हटली की ग्रील, हात आपोआप जातो. पण खिडकी तिरकी आणि ग्रील ताठ उभं, खोलीत घुसलेलं! फिरवलं की गायब. अख्खी दुपार त्याच्यामागे. शेवटी बसलं. प्रत्येक गज छताच्या उताराला धरून. काय देखणं दिसतंय! माझी मीच खूश.

घरी आईला कौतुकाने सांगितलं, तर म्हणाली, "आपल्या ग्रीलला यंदा रंग द्यायला हवा. पाणी आलं तेव्हापासून गंजलंय." आमचं घरही नदीकडेच. पुरात आम्ही आधीच मिरजेला मामाकडे गेलो होतो.

२० मे
त्रिशलाकाकू स्वतः येणार! "कॉम्प्युटरवर घर बघती म्हणली." अण्णांचा आवाज परीक्षेला बसल्यासारखा. एवढं सगळं करून नाही म्हणाल्या तर?

२२ मे
काकू आल्या. मागून अण्णा. हॉल दाखवला. "व्हय, व्हय." स्वयंपाकघर दाखवलं. बघेचनात. "वर चल, बाळ."

माळ्यावर नेलं. सीलिंग सुरेख उतरत होतं. मी शाबासकीची वाट बघत होते. काकूंनी स्क्रीनवर बोट टेकवलं.

"ही जाळी कुठनं उघडती?"

"उघडत नाही काकू. पक्कं ग्रील आहे. चोराची भीती नको."

बोट तिथंच. मग बोलायला लागल्या, माझ्याशीच. अण्णांकडे पाहिलं नाही. पुरात घरात एकट्या होत्या. अण्णा गोदामातली हळदीची पोती हलवायला गेले आणि रस्ता पाण्याखाली गेला. पाणी जिना चढत आलं. काकू माळ्यावर. बोटवाली पोरं थेट खिडकीशी आली. खिडकीला ग्रील.

"हात तेवढा भाईर निघत हुता, मी न्हाई. पोरांनी हातात पाण्याची बाटली दिली आन् गज कापायचं मशीन आणाय गेली. ती परत येस्तवर मी गज धरून हुते."

अण्णा कसेबसे म्हणाले, "मला तर म्हणलीस, बोटीनं आले."

"आले की बोटीनं."

अण्णा उठून बाहेर गॅलरीत गेले.

मला लाज वाटली. ते ग्रील कुणी मागितलंही नव्हतं! काकूंच्या समोर काढून टाकलं. एक बटण, बस्स. काच उघडून दाखवली.

"आता मला ह्यातनं भाईर ने."

नेलं. खिडकीतून कौलांवर, कौलांवरून मोकळ्यात. "परत ने," म्हणाल्या. परत नेलं. मग पदर सारखा केला आणि उठल्या. ना हो म्हणाल्या, ना नाही. गेल्या साताऱ्याला.

२४ मे
अण्णांचा फोन, चक्क सकाळी! "म्याडम, आई व्हय म्हणली." रडत होते. मी म्हटलं, अण्णा, मागाहून बोलू, आमच्या घरी वेल्डिंगवाला आलाय. आधी कुठलं ग्रील कापू, विचारतोय.

आईच्या खोलीचं.